फुटबॉलचे करिअर, शाळेचे मैदान आणि आपण



"सर, फुटबॉल खेळून पोट भरते का?" हा प्रश्न आमच्या पालक सभेत दरवर्षी एकदा तरी येतो. विचारणारे पालक रागावलेले नसतात, काळजीत असतात. कोणी शेतकरी असतो, कोणी एसटीत किंवा आपल्याकडच्या केकेआरटीसीत नोकरीला, कोणाचे बाजारात छोटे दुकान असते. मुलगा संध्याकाळी सात वाजले तरी मैदानातून घरी येत नाही आणि पुढे एसएसएलसीची परीक्षा दिसत असते. अशा वेळी हा प्रश्न पडणारच. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे घरोघरी एक म्हण ऐकू यायची, "पढोगे लिखोगे तो बनोगे नवाब, खेलोगे कूदोगे तो होगे खराब." आपल्या मराठीत अशी यमकाची म्हण नसेल, पण विचार तोच आहे. हा विचार अर्धा खरा आहे आणि अर्धा खोटा. कोणता अर्धा खरा आणि कोणता खोटा, हे तपासण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

उदाहरण दूरचे नको, आपल्याच भाषेतले घेऊ. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. जन्म १३ जुलै २०००. वडील रिक्षाचालक. कोल्हापूर हे कुस्तीचे गाव म्हणून आपण ओळखतो, पण तिथल्या पेठांमध्ये फुटबॉलचे वेड कुस्तीइतकेच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे ऐकली की बाहेरच्या माणसाला आखाडे आठवतील, पण ही फुटबॉल संघांची नावे आहेत. शाहू स्टेडियममध्ये यांचे सामने असले की पेठ ओस पडते. अशा गावात मुलाच्या पायाशी चेंडू आला तर नवल नाही. अनिकेत तिथून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि मग भारताच्या १७ वर्षांखालील संघात त्याची निवड झाली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. भारताचा कोणताही फुटबॉल संघ विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत खेळण्याची ती पहिलीच वेळ. संघात २१ मुले होती. त्यातली आठ एकट्या मणिपूरची. आपला अनिकेत होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता आणि आपल्या कर्नाटकातला, बेंगळूरचा संजीव स्टॅलिन होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. तिन्ही सामने गेले. तरीही ९ ऑक्टोबरच्या कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात ८२ व्या मिनिटाला जे घडले ते नोंद करण्यासारखे आहे. संजीव स्टॅलिनने कॉर्नरवरून चेंडू टाकला आणि मधल्या फळीतल्या जिक्सन सिंगने डोक्याने तो जाळ्यात घातला. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली, हा भाग वेगळा.

जिक्सन मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातला. वडिलांना आजारपणामुळे काम सोडावे लागले, तेव्हा आई इंफाळच्या बाजारात भाजी विकून घर चालवत होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले होते. विद्यार्थी मित्रहो, मधल्या फळीतला खेळाडू म्हणजे काय ते थोडे समजून घ्या. गोल करणाऱ्याचे नाव पेपरात येते, गोल अडवणाऱ्याचे कौतुक होते. मधला खेळाडू मात्र मागून चेंडू घेतो, पुढे देतो, चेंडू गेला की पुन्हा मागे धावतो. एका सामन्यात तो दहा-अकरा किलोमीटर धावतो. त्यातला बराचसा वेळ चेंडू त्याच्या पायाशी नसतोच. कोठे उभे राहायचे, कोणाला मोकळा करायचा हे त्याला चेंडू येण्याआधी ठरवावे लागते. म्हणून हा खेळाडू पायांइतकाच डोक्यानेही तयार व्हावा लागतो.

आता या मुलांचे पुढे काय झाले ते पाहू, कारण पालकांना खरी उत्सुकता त्याचीच आहे. विश्वचषकानंतर अनिकेत इंडियन ॲरोज या महासंघाच्या तरुण संघातून आय-लीग खेळला. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात चेन्नई सिटीविरुद्धच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये त्याला काही काळ सरावासाठी पाठवण्यात आले. हा क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. परत आल्यावर तो जमशेदपूरकडून आणि नंतर हैदराबाद एफसीकडून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये खेळला. २० मार्च २०२२ रोजी गोव्याच्या फातोर्डा मैदानावर हैदराबादने अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. हैदराबादच्या ताफ्यात अनिकेत होता आणि केरळच्या ताफ्यात जिक्सन. दिल्लीत एकत्र खेळलेली दोन मुले साडेचार वर्षांनी समोरासमोरच्या संघांत होती. त्याच महिन्यात अनिकेतला भारताच्या वरिष्ठ संघातही संधी मिळाली. पुढे तो ईस्ट बंगाल आणि ओडिशा या क्लबांकडे गेला. जिक्सनही वरिष्ठ संघात आला आणि २०२३ मध्ये बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये सॅफ करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. २०२४ मध्ये तोही ईस्ट बंगालला गेला.

एका रिक्षाचालकाचा मुलगा आणि एका भाजी विकणाऱ्या माउलीचा मुलगा देशाची जर्सी घालतात, ही गोष्ट लहान नाही. म्हणजे "खेलोगे कूदोगे तो होगे खराब" हा भाग खोटा ठरला. पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ती न सांगता मुलांना नुसती स्वप्ने दाखवणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

पहिली गोष्ट जागांची. २०२४-२५ च्या हंगामात आयएसएलमध्ये १३ क्लब होते. प्रत्येक क्लबात परदेशी खेळाडू वगळले तर साधारण पंचवीस-तीस भारतीय खेळाडू धरा. म्हणजे सगळ्या देशात मिळून साडेतीनशेच्या आसपास जागा. एकट्या कर्नाटकात एसएसएलसीच्या परीक्षेला दरवर्षी आठ लाखांहून अधिक मुले बसतात. हिशोब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. पूर्वी चांगला फुटबॉलपटू म्हणजे नोकरीवाला माणूस असे. बेंगळूरला एचएएल, आयटीआय अशा कारखान्यांचे संघ होते. मुंबईत टाटा, रेल्वे, एअर इंडिया होते. खेळ संपला तरी टेबल-खुर्ची राहायची. आताचा खेळाडू करारावर असतो, एक वर्ष, दोन वर्षे, फार तर तीन. आणि क्लबच बंद पडला तर? हे उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. ज्या पुणे एफसीच्या अकादमीत अनिकेत शिकला तो क्लब २०१५ नंतर राहिला नाही. मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. हैदराबादने २०२२ ला करंडक जिंकला खरा, पण २०२३-२४ च्या हंगामात तिथल्या खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ मध्ये तो क्लबही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये अख्खी आयएसएलच थांबवून ठेवावी लागली, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नवा ठरत नव्हता. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा हंगाम २०२५ साल संपले तरी सुरू झालेला नव्हता. त्या काळात देशातल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या खेळाडूंनासुद्धा पुढचा सामना कधी, हे ठाऊक नव्हते.

तिसरी गोष्ट शरीराची. याच २०१७ च्या संघात पंजाबचा अन्वर अली होता. २०१९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयाचा दोष उघड झाला आणि खेळ थांबला. तो जिद्दीने परत आला आणि मार्च २०२२ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला, हे त्याचे थोरपण. पण किती मुलांना असे परत येता येते? १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघातले गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको हे मधल्या फळीतले नावाजलेले खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ ऐन उमेदीत संपला. गुडघा काही गुणपत्रिका बघून मोडत नाही.

मग काय करायचे? मुलांना मैदानातून ओढून आणायचे का? मुळीच नाही. इथे मला आपल्या शेतकरी पालकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे आहे. कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार. आपल्या बीदर, भालकी, औराद, बसवकल्याणकडे सोयाबीन वाढले. जाणता शेतकरी काय करतो? सोयाबीनच्या काही ओळी, मग तुरीची एक ओळ. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास घरात येते, तूर संक्रांतीच्या पुढे-मागे. पाऊस एका पिकाला दगा देईल, दोन्हींना सहसा देणार नाही. सगळे रान एकाच पिकाखाली घालून आभाळाकडे बघत बसणाऱ्याला आपणच वेडा म्हणतो. मग मुलाच्या आयुष्याचे रान एकाच पिकाखाली का घालता? नुसते पुस्तक नको आणि नुसता चेंडूही नको. दोन्ही एकाच रानात, एकाच हंगामात घ्या. हे आंतरपीक आहे.

हे लिहायला कारण घडले आहे. आमच्या नववीच्या वर्गात एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मधल्या फळीत खेळतो. या वर्षी तालुका, जिल्हा आणि विभाग पातळीपर्यंत पोहोचला. एका मोठ्या शहरातील खासगी अकादमीने त्याच्या पालकांना पत्र दिले आहे आणि पालकांनी माझ्याकडे टी.सी. मागितली आहे. अकादमीची वर्षाची फी त्यांच्या चार एकर शेतीच्या उत्पन्नाहून जास्त आहे. मी त्यांना सांगितले ते इथे सर्वांसाठी लिहितो, कारण उद्या हा प्रश्न दुसऱ्या घरातही येईल.

एक. जो खरोखर तुमच्या मुलाच्या खेळावर भाळला आहे, तो सहसा फी मागत नाही, उलट खर्च उचलतो. अनिकेत सरकारी प्रबोधिनीतून वर आला. आपल्या राज्यातही युवजन सबलीकरण व क्रीडा खात्याची क्रीडा वसतिगृहे आहेत. तिथे निवड चाचणी होते, राहणे-जेवण-शाळा खात्याकडून असते. आधी ती दारे ठोठवा.

दोन. अकादमीला विचारा, मुले शाळेत कोठे जातात? दहावीचा निकाल काय लागतो? आजारी पडला तर डॉक्टर कोण? मागच्या पाच वर्षांत इथून गेलेली मुले आज कोठे आहेत? या चार प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर चहा पिऊन परत या.

तीन. टी.सी. नेऊन मुलाला घरी किंवा वसतिगृहात बसवू नका. गाव सोडावेच लागले तर तिथल्या शाळेत नाव घाला. ते जमणारे नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते. दहावीचा कागद हातात असला तर पुढे रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या खेळाडूंच्या भरतीचा दरवाजा उघडा राहतो. तो नसेल तर चांगला खेळाडूही उंबऱ्याबाहेर राहतो. आपल्या भागाला कलम ३७१ (जे) नुसार शिक्षणात आणि नोकरीत जे आरक्षण आहे, त्याचा लाभ घ्यायलाही शाळेचेच कागद लागतात.

चार. ही गोष्ट थोडी कडू आहे. जन्मतारीख. "सर, दाखल्यात दोन वर्षे कमी करून द्या, चौदा वर्षांखालील संघात बसेल," अशी विनंती घेऊन लोक येतात. मी ते करणार नाही, आणि यामागे नुसता कायदा नाही. जागतिक फुटबॉल संघटना १७ वर्षांखालील स्पर्धेत २००९ पासून मनगटाचे एमआरआय करून वय तपासते. आपल्याकडेही हाडांची तपासणी होते. मनगट खोटे बोलत नाही. आज चौदाव्या वर्षाच्या मुलांत सोळाव्या वर्षाचा मुलगा खेळवून करंडक मिळेल, पण वरच्या पायरीवर तो मुलगा कायमचा बाद होईल. शिवाय ज्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा गेली, तोही आपल्याच गावचा असतो.

पाच. कन्नड चांगले शिका. आपण सीमाभागातले मराठी लोक. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी तिथले रहिवासी असावे लागते, आणि इथल्या खात्याची जाहिरात, अर्ज, निवड चाचणीच्या सूचना कन्नडमध्ये येतात. मराठी आपली माता आहे, तिच्यासाठीच ही शाळा आहे. पण जिल्हा क्रीडांगणावर उभ्या असलेल्या मुलाला सूचना समजली नाही म्हणून त्याचा नंबर हुकू नये. मणिपूरचा जिक्सन केरळात आणि कोलकात्यात खेळला, कोल्हापूरचा अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, कोलकाता, भुवनेश्वर असा फिरला. खेळाडूला चार भाषांची लाज वाटून चालत नाही. आणि मराठी माणूस कर्नाटकासाठी खेळला की काय होते तेही ऐका. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत आयएसएलच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत एकमेव गोल करून बेंगळूर एफसीला पहिले विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू होता मुंबईचा राहुल भेके. त्या वेळी त्याचे वय अठ्ठावीस. एअर इंडिया, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असे करत तो तिथवर आला होता. सोळाव्या वर्षी अकादमी नाही मिळाली तर सगळे संपले, असे समजणाऱ्या मुलांनी हे वय लक्षात ठेवावे.

मुलींच्या पालकांना एक शब्द. सुब्रतो करंडकात १७ वर्षांखालील मुलींचाही गट आहे. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतातच झाला, त्याचे सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाले. आपल्या शाळेच्या मुली मात्र मधल्या सुट्टीत भिंतीकडेला उभ्या राहून मुलांचा खेळ बघतात. मैदान त्यांचेही आहे. आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी ठेवण्याचे मी ठरवले आहे. पालकांनी साथ द्यावी.

आता विश्वस्त मंडळींशी. आपल्यापुढे एक प्रस्ताव आहे. मैदानाच्या रस्त्याकडील अर्ध्या भागात इमारत उभी करावी, खाली दुकानगाळे, वर पीयूसीचे वर्ग. मी या प्रस्तावाकडे तुच्छतेने बघत नाही. संस्थेची अडचण मला दररोज दिसते. जुन्या इमारतीचे छत पावसात गळते. सगळ्या जागांना अनुदान नाही. मराठी माध्यमाचा पट दरवर्षी घटतो आहे, कारण पालक इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत मुलांना बसवत आहेत. दुकानांचे भाडे आले तर शिक्षकांचा पगार वेळेवर होईल. हे सगळे खरे आहे.

तरीही माझे मत प्रस्तावाच्या विरुद्ध आहे, आणि ते नम्रपणे पण स्पष्टपणे मांडतो. आपले मैदान सव्वा एकराचे, म्हणजे पन्नास गुंठ्यांचे आहे. मोठ्या मापाच्या फुटबॉल मैदानाला, १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, पावणेदोन एकर लागतात. म्हणजे आजही आपण पूर्ण मैदानाचे धनी नाही. पन्नास गुंठ्यांत सात-सात मुलांचे दोन सामने एका वेळी चालतात. पंचवीस गुंठ्यांत, रस्त्यावरच्या गाड्या आणि दुकानांची गिऱ्हाइके यांच्या मध्ये, काहीच चालणार नाही. मुले खेळतील ती गाड्यांच्या फटीतून. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेच्या आवश्यक गोष्टींमध्ये वर्गखोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांच्या रांगेत खेळाचे मैदानही आहे, हेही विसरता येत नाही.

आणि धंद्याच्याच हिशोबाने बघू. गावातल्या बहुतेक इंग्रजी शाळा भाड्याच्या इमारतीत, दोन-तीन मजल्यांवर चालतात. त्यांच्याजवळ संगणक आहेत, टाय आहेत, गाड्या आहेत. त्यांच्याजवळ नसलेली आणि आपल्याजवळ असलेली गोष्ट एकच, हे मैदान. ते आपल्या आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून घेतले, आज त्या भावात कोणाला घेता येणार नाही. जी एकच वस्तू आपल्याकडे जास्तीची आहे, तीच विकून शाळा वाचवायला निघालो तर काय म्हणावे? बियाणे विकून खत आणण्यासारखे आहे ते. माझी सूचना अशी की पीयूसीचे वर्ग जुन्या इमारतीच्या पक्क्या भागावर वरचा मजला चढवून घ्यावेत. अभियंत्याकडून तपासणी करून घेऊ. गाळे काढायचेच असतील तर फाटकालगतच्या पडीक पट्टीत तीन-चार काढावेत. भाडे कमी येईल, पण मैदान राहील. राहिलेल्या रकमेसाठी माजी विद्यार्थ्यांकडे जाऊ. पुणे, मुंबई, हैदराबादला स्थिरावलेले आपले कितीतरी विद्यार्थी याच मातीत पडून गुडघे फोडून मोठे झाले आहेत. ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

कोणी म्हणेल, एका मुलाच्या खेळासाठी एवढा आग्रह कशाला? उत्तर आपल्याच जुन्या राज्याच्या इतिहासात आहे. १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. त्या हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. शाळेत शिकवता शिकवता ते फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ला आशियाई सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपटही आला. त्यांच्याजवळ परदेशी यंत्रे नव्हती, कोट्यवधी रुपये नव्हते. मास्तर होता, मुले होती आणि चेंडू टाकायला जागा होती. मास्तर आपल्याकडेही आहेत, आमचे पी.टी. सर पगाराचा विचार न करता सकाळी सहाला फाटक उघडतात. मुलेही आहेत. जागा तेवढी आपण आपल्या हाताने घालवू नये.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात 'मिशन वन मिलियन' नावाने एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळण्याचा कार्यक्रम झाला होता. चांगला उपक्रम. पण खेळाडू एका दिवसाच्या कार्यक्रमाने घडत नाही. तो रोज संध्याकाळी, दप्तर भिंतीला टेकवून, अंधार पडेपर्यंत धावण्याने घडतो. आमच्या शाळेतून अनिकेत किंवा जिक्सन निघेल असे आश्वासन मी देत नाही. शंभरातली नव्व्याण्णव मुले फुटबॉलवर पोट भरणार नाहीत. पण ती निरोगी राहतील, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायला शिकतील, मोबाईलवरून मान वर करतील. उरलेल्या एकाला दार उघडे मिळाले तर त्याच्या घरचे नशीब बदलेल.

तेव्हा पालकांना विनंती, मुलाचा खेळ तोडू नका आणि त्याची शाळाही तोडू नका. विद्यार्थ्यांना सांगणे, सकाळी गणित आणि संध्याकाळी चेंडू, दोन्ही तितक्याच मनापासून करा. नववीच्या त्या विद्यार्थ्यासाठी क्रीडा वसतिगृहाचा अर्ज शाळेमार्फत आम्ही भरत आहोत. त्याच्या अभ्यासाची जबाबदारी वर्गशिक्षकांनी घेतली आहे. आणि विश्वस्त मंडळींना प्रार्थना, पुढच्या बैठकीत निर्णय घेण्यापूर्वी एकदा संध्याकाळी पाच वाजता शाळेत यावे, मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहावे आणि मग सही करावी. संस्थेचा निर्णय मला शिरोधार्य राहील. माझे मत मी मांडले आहे.

आपला,
मुख्याध्यापक